बोर्दोची बिनतारांची ट्राम, आठ महिने रोज बसल्यावर

फ्रान्समध्ये बोर्दोला शिकायला येऊन आठ महिने झाले, गाडी नाही सायकल नाही, रोज ट्रामच, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. जुन्या शहरात या ट्रामच्या डोक्यावर तारच नाहीये! वीज खालून येते, दोन रुळांच्या मधोमध तिसरी पट्टी आहे, तिचे साधारण 8 मीटरचे तुकडे, ट्राम वर आली की तेवढाच तुकडा चालू, पुढे सरकली की बंद. पोरं, कुत्री, सायकली सगळे बिनधास्त त्यावरून जातात. मी मात्र पहिले पंधरा दिवस लांब ढांग टाकून ओलांडायचो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर पहिला प्रश्न, अरे मग पावसात काय करतात? प्रश्न बरोबरच होता, 2003 साली सुरू झाली तेव्हा पावसात बंद पडण्याच्या तक्रारी खूप होत्या. मी पावसामुळे अजून एकदाही अडकलो नाही.

शहराबाहेर गेलं की नेहमीसारख्या तारा दिसतात, सगळीकडे हे परवडत नाही. पण सेंट आंद्रे कॅथेड्रलला अगदी खेटून ट्राम जाते तेव्हा या खटाटोपाचा अर्थ कळतो, वर नुसते मनोरे आणि आभाळ. 17 कमानींच्या जुन्या दगडी पुलावरून ए लाइन जाते, तिथे 2017 पासून खासगी गाड्या बंद, संध्याकाळी खिडकीची जागा मिळाली तर पैसे वसूल.

आता कटकटी. सकाळी आठला युनिव्हर्सिटीकडे जाणारी बी लाइन म्हणजे आपली लोकलच, फक्त कोणी ओरडत नाही. पास असला तरी दर वेळी चढताना मशीनला लावायचा, ट्राम बदलली तरी परत लावायचा, मी विसरलो आणि दंड भरला, चूक माझीच. आणि आवाज इतका कमी की एकदा मोबाईलमध्ये डोकं घालून रुळांवरून चाललो होतो, मागून टण टण झालं ते कळलंच नाही, एका आजीबाईंनी बाही धरून ओढलं आणि वर फ्रेंचमध्ये झापलं, शब्द कळले नाहीत पण भाव अगदी घरचा.

स्पीड मात्र विचारू नका. गर्दीच्या भागात ही 44 मीटरची धूड माणसांमधून घंटा वाजवत सरकते. व्हिक्त्वार ते ओतेल द व्हील दोनच स्टॉप, मी हल्ली चालतच जातो, कधीकधी मीच आधी पोचतो.