मेमटेस्ट८६ प्लस: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पीसी चालू असताना मधेच निळी स्क्रीन येऊन रिस्टार्ट व्हायचा आणि वैताग म्हणजे दर वेळी एररचं नाव वेगळं, कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, कधी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. एखादा ड्रायव्हरच बिघडला असेल तर मिनीडंपमध्ये (क्रॅश झाल्यावर विंडोज जी छोटी नोंद-फाइल ठेवतं तिच्यात) सहसा त्याच फाइलचं नाव पुन्हा पुन्हा येतं, इथे तसं काहीच नव्हतं, म्हणून रॅमवर संशय घेतला आणि ती तपासायला मेमटेस्ट८६ प्लस हे टूल वापरलं.

विंडोजची मेमरी डायग्नॉस्टिक टेस्ट पहिली चाळणी म्हणून ठीक आहे, पण ती पास झाली म्हणजे रॅम चांगली असं समजू नका. मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवरून बूट होतं, तेव्हा विंडोज सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे जवळपास सगळी मेमरी तपासली जाते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि २०२२ मधल्या ६.०० व्हर्जनपासून यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) असलेल्या मशीनवरही चालतं. नावात 'प्लस' नसलेलं मेमटेस्ट८६ वेगळं, त्याच्या फुकट आवृत्तीत ४ पासची (म्हणजे टेस्टच्या ४ पूर्ण फेऱ्यांची) मर्यादा आहे. सिक्युअर बूट (फक्त मान्यता असलेलं सॉफ्टवेअरच बूट होऊ देणारी सेटिंग) बंद करावं लागलं तर आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर विंडोज परत सुरू होताना अडकून बसू शकता.

रात्रभर लावून ठेवलं, सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. आता खरं काम इथून सुरू होतं, कारण एरर आला म्हणजे स्टिकच (रॅमची पट्टीच) खराब असं नाही. एक्सएमपी (रॅम जास्त स्पीडवर चालवणारी बायोसमधली तयार सेटिंग) हे मुळात ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणून ते आधी बंद केलं, स्पीड ३२०० वरून २१३३ वर आला, तरी एरर होतेच. मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमधे लावून टेस्ट केली. एक स्वच्छ, दुसरीवर एरर, आणि ती दुसऱ्या स्लॉटमधे नेली तरी एरर तिच्याबरोबर तिथेही आले. तेव्हा कुठे खात्री पटली की मदरबोर्ड नाही, स्टिकच गेलीये. एरर स्लॉटलाच चिकटून राहिले असते तर बोर्ड, सॉकेटच्या पिना किंवा प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर बघावा लागला असता. आणि हो, एक जरी एरर आला तरी तो चालवून घेऊ नका, प्लीज.

वॉरंटीत किट (एकत्र विकलेली स्टिकची जोडी) बदलून मिळालं, दोन्ही स्टिक एकत्र द्याव्या लागल्या. तेव्हापासून एक्सएमपी चालू ठेवूनही निळी स्क्रीन नाही. बायोस अपडेट केलं की पुन्हा एकदा टेस्ट लावतो, कारण अपडेटनंतर मेमरीची सेटिंग्ज बदलू शकतात.

ज्या गोष्टीबद्दल फार कमी लोक बोलतात ती म्हणजे डिस्कवरचा डेटा. खराब रॅममधून गेलेली फाइल चुकीची सेव्ह होऊ शकते आणि कुठला मेसेजही येत नाही, माझ्या काही झिप फाइल्स उघडेनाशा झाल्या त्या जुन्या बॅकअपमधून परत घ्याव्या लागल्या. म्हणून रॅम बदलल्यावर एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजची फाइल-तपासणीची कमांड चालवाच, पण ते फक्त विंडोजच्या फाइल्स बघतं, आपले फोटो आणि कामाच्या फाइल्स आपल्यालाच उघडून बघाव्या लागतात. आणि रॅमवर संशय असेपर्यंत जुन्या बॅकअपवर नवीन कॉपी चढवू नका.

कमतरता एकच जाणवली, टेस्टमधे ग्राफिक्स कार्डवर लोड येत नाही, त्यामुळे गेम खेळताना कॅबिनेट तापल्यावरच डगमगणारी रॅम इथे पास होऊ शकते. तशी शंका असेल तर एक्सएमपी बंद करून काही दिवस नेहमीसारखा पीसी वापरून बघा.