दाढ भरण्याचे ‘टाइप नाइन’ सिमेंट : तालुक्याच्या दवाखान्यातून परीक्षण

दाढेची कीड काढल्यावर उरलेली पोकळी कशाने भरायची, हे बहुतेक वेळा रुग्ण ठरवत नाही. तो खुर्चीत तोंड उघडून पडलेला असतो आणि डॉक्टर जे भरतील ते पुढची काही वर्षे त्याच्या दाढेत राहते. म्हणून एरवी दंतवैद्यांच्या वर्तुळापुरत्या राहणाऱ्या एका साहित्याचे परीक्षण येथे सर्वांसाठी लिहीत आहे. हे साहित्य म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट, आणि त्यातही दाढांसाठी बनवलेला त्याचा घट्ट प्रकार, ज्याला आम्ही दवाखान्यात नुसते ‘टाइप नाइन’ म्हणतो. जपानच्या जीसी कंपनीचे ‘फुजी नाइन’ हे यातले सर्वाधिक परिचित नाव असून भारतात याच कंपनीचे सिमेंट ‘गोल्ड लेबल नाइन’ या नावाने मिळते. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे आणि तेथे हे सिमेंट रोज वापरात असते. माझे मत आधीच सांगून टाकतो : योग्य दाढेत, नीट मिसळून, नीट दाबून भरले तर या खर्चात याच्या तोडीचे दुसरे काही नाही, मात्र सगळ्याच दाढा याने भरायला निघालेल्या डॉक्टरांचे काम वर्ष-दोन वर्षांत उघडे पडते.

या सिमेंटचा जन्म लंडनच्या सरकारी रसायनशाळेत झाला. त्याआधी पुढच्या दातांत सिलिकेट सिमेंट भरत असत. त्यातून फ्लोराइड झिरपत राही, हा त्याचा गुण होता. पण ते तोंडात हळूहळू विरघळत असे आणि दाताला चिकटतही नसे. पुढे 1968 मध्ये मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांनी पॉलिअॅक्रिलिक आम्ल वापरून झिंक पॉलिकार्बोक्सिलेट सिमेंट तयार केले, जे दाताला रासायनिक बंधाने चिकटत होते. अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी एका सिमेंटमधली काच आणि दुसऱ्यामधले आम्ल एकत्र आणले आणि 1972 मध्ये ‘ब्रिटिश डेंटल जर्नल’मध्ये या नव्या सिमेंटची माहिती प्रसिद्ध केली. सुरुवातीचे मिश्रण घट्ट व्हायला फार वेळ घेत असे आणि हाताळायलाही अवघड होते. त्यात थोडे टार्टारिक आम्ल घातल्यावर ही अडचण सुटली. आपल्या चिंचेला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. नवे रसायन शोधण्याच्या मागे न लागता जुन्या दोन सिमेंटांतले चांगले तेवढे उचलून त्यांची सांगड घालणारे हे संशोधन मला दंतसाहित्याच्या इतिहासात फार मोलाचे वाटते.

याचे काम कसे चालते ते समजले, की त्याचे गुण आणि दोष दोन्ही आपोआप कळतात. पावडर म्हणजे फ्लोराइड असलेल्या अॅल्युमिनोसिलिकेट काचेचा बारीक भुगा, तर लिक्विड म्हणजे मुख्यतः पॉलिअॅक्रिलिक आम्ल आणि पाणी. दोन्ही मिसळताच आम्ल काचेच्या कणांचा वरचा थर खाऊ लागते, त्यातून कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियमचे आणि अॅल्युमिनियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटतात आणि आम्लाच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. आधी कॅल्शियमचे बंध तयार होतात, म्हणून सिमेंट काही मिनिटांत कडक लागते. अॅल्युमिनियमचे बंध मागाहून तयार होत राहतात, म्हणून त्याची खरी ताकद दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतरही वाढत जाते. याच आम्लाचे कार्बोक्सिल गट दातातल्या कॅल्शियमला धरतात, त्यामुळे वेगळा गोंद लावावा लागत नाही. तापमानाच्या फरकाने हे सिमेंट जवळजवळ दाताच्या आतल्या थराइतकेच प्रसरण आणि आकुंचन पावते, हाही त्याचा मोठा फायदा आहे, कारण गरम चहा आणि थंड पाणी यांच्या आलटून-पालटून माऱ्यात कडेची फट रुंदावत नाही.

आता हाताळणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या सिमेंटचे यशापयश मुख्यतः मिक्सिंग पॅडवर ठरते. प्रमाण साधे आहे : पावडरचा एक सपाट चमचा आणि लिक्विडचा एक थेंब. पण चमचा भरल्यावर तो बाटलीच्या पट्टीवर घासून सपाट करायचा असतो आणि थेंब पाडताना बाटली आधी आडवी धरून मग सरळ उलटी करायची असते, नाहीतर थेंबात हवेचा बुडबुडा येतो आणि लिक्विड कमी पडते. पावडरचे दोन भाग करून पहिला भाग दहाएक सेकंदांत आणि दुसरा त्यापुढच्या पंधरा-वीस सेकंदांत मिसळायचा, तोही प्लास्टिकच्या स्पॅच्युलाने, कारण काचेचे कण धातूला घासले गेले की सिमेंटला करडी झाक येते. नीट झालेला गोळा पिठाच्या घट्ट गोळ्यासारखा हाताळता येतो, मात्र त्याच्या अंगावर ओलसर चकाकी असते. ही चकाकी आहे तोवरच तो दाढेत गेला पाहिजे. ती गेली म्हणजे दाताला धरणारे आम्ल संपत आले असे समजावे. असा गोळा दाढेत घट्ट बसलेला दिसतो, पण दाताला चिकटलेला नसतो. काही मदतनीस मिश्रण सरसरीत राहावे म्हणून दुसरा थेंब टाकतात. त्याने भरणे सोपे होते, पण सिमेंटची ताकद तिथेच संपते.

पुस्तकात काम करण्याचा वेळ साधारण दोन मिनिटे दिलेला असतो. तो थंड खोलीतला. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कूलर चालू असूनही खोली तापलेली असते आणि सिमेंट हातातल्या हातात बसू लागते. त्यावर उपाय सोपा आहे : काचेची जाड पाटी गार करून, पूर्ण कोरडी पुसून तिच्यावर मिसळावे. पावसाळ्यात पावडरच्या बाटलीचे झाकण लगेच लावावे, कारण ओलावा लागलेली पावडर पुन्हा वापरण्यालायक राहत नाही. भरण्याआधी पोकळीला दहा टक्के पॉलिअॅक्रिलिक आम्ल वीस सेकंद लावून ती धुऊन काढली, की ड्रिलचा चिकट थर निघतो आणि पकड सुधारते. ही वीस सेकंदांची पायरी गर्दीच्या वेळी सर्रास गाळली जाते, याचे मला वाईट वाटते. शेवटी हातमोज्याच्या बोटाला थोडे व्हॅसलिन लावून सिमेंट दाढेत जोराने दाबून धरायचे. जास्तीचे सिमेंट कडेने बाहेर येते, ते काढून चाव तपासायचा आणि वर पुन्हा व्हॅसलिन किंवा वॉर्निशचा थर द्यायचा, कारण पहिल्या काही मिनिटांत पाणी लागले तर आयन धुऊन जातात आणि फार कोरडे पडले तर पृष्ठभागाला बारीक तडे जातात. रुग्णाने तासभर काही खाऊ नये.

विजेशिवाय काम होते, ही या सिमेंटची सर्वांत मोठी जमेची बाजू. कंपोझिटला, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनच्या भरणाला, घट्ट करायला प्रकाशाचा दिवा लागतो आणि दाढ पूर्ण कोरडी ठेवावी लागते. 1980 च्या दशकात टांझानियात नेदरलँड्सच्या यो फ्रेन्केन यांनी ड्रिल न वापरता, केवळ हाताच्या अवजारांनी मऊ कीड काढून दात भरण्याची पद्धत सुरू केली. ती पुढे एआरटी या नावाने ओळखली गेली, तिच्यासाठी ग्लास आयोनोमर हेच मुख्य साहित्य ठरले आणि ‘टाइप नाइन’सारखे घट्ट सिमेंट याच गरजेतून पुढे आले. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या नमुना यादीत फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांच्यासोबत ग्लास आयोनोमर सिमेंटचाही समावेश केला. आश्रमशाळेच्या शिबिरात वर्गातल्या बाकावर मुलाला निजवून, एक्स्कव्हेटर (कीड खरवडण्याचे हाताचे अवजार) आणि हे सिमेंट एवढ्याच साहित्यावर दुधाची दाढ वाचवता येते, इंजेक्शन बहुधा द्यावे लागत नाही आणि मूल रडत नाही. म्हणून या यादीतली त्याची जागा मला सर्वस्वी योग्य वाटते.

आमच्या भागात याचा आणखी एक उपयोग आहे, जो परदेशी पुस्तकांत क्वचितच सापडेल. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा येथे शाळकरी वयापासून खाल्ला जातो. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा समोर घोटून मिळत राहिला. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा पांढरी पडते, ताठ होते, तिच्यात तंतूंचे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. हा सबम्यूकस फायब्रोसिस, आणि त्यातल्या काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो. निरोगी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटे सहज जातात; या रुग्णांत दोनही जात नाहीत. तिशीतला एक रुग्ण मागची दाढ दाखवताना म्हणाला, “डॉक्टर, याच्यावर नाही उघडत तोंड.” अशा तोंडात प्रकाशाच्या दिव्याचे टोक मागच्या दाढेपर्यंत सरळ पोहोचत नाही, दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा बसत नाही आणि रुग्णाला फार वेळ तोंड उघडे ठेवताही येत नाही. थर देत बसावे लागणारे कंपोझिट तेथे निरुपयोगी ठरते. ‘टाइप नाइन’चा एकच गोळा पोकळीत नेऊन दाबला की काम होते. अर्थात दाढ भरली म्हणून रोग थांबत नाही. खर्रा सोडणे, तोंड उघडण्याचे व्यायाम आणि गालाची नियमित तपासणी यांना पर्याय नाही.

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या रुग्णांतही हे सिमेंट मी सुचवतो, पण पूर्ण खुलासा करून. किरणांनी लाळग्रंथी सुकतात आणि लाळ आटली की दातांच्या मानेभोवती, म्हणजे हिरडीलगत, वेगाने कीड लागते. अशा दातांत ग्लास आयोनोमरच्या कडेला नवी कीड कमी लागते, असे अभ्यासांत दिसले आहे. पण कोरड्या आणि आम्लधर्मी तोंडात खुद्द सिमेंट झिजते आणि पुन्हा पुन्हा भरावे लागते. येथे दात वाचवण्यासाठी सिमेंटने झिजावे, हा सौदा मला मान्य आहे, कारण किरणोपचार झालेल्या जबड्यातून दात काढणे धोक्याचे असते, जखम भरून न येता हाड मृत होऊ शकते. अशा रुग्णांना फ्लोराइडची जेल देताना ती आम्लयुक्त नसावी, कारण तसली जेल सिमेंटची काचच खाते. उदासीन सोडियम फ्लोराइडची जेल द्यावी.

आता दोषांकडे वळतो. याची वाकण्याची ताकद कमी आहे. दाढेच्या मधल्या खड्ड्यात, चहूबाजूंनी दाताची भिंत असेल तेथे ते चांगले टिकते. पण दोन दाढांमधली भिंत कोसळली असेल आणि ती सिमेंटने उभी करायची असेल, तर ते तुटण्याची शक्यता बरीच वाढते. दुधाच्या दाढांवरच्या एकत्रित अभ्यासांत दोन वर्षांनी एकाच पृष्ठभागाची भरणी दहापैकी नऊंहून अधिक टिकलेली आढळली, तर एकाहून जास्त पृष्ठभागांची जेमतेम सहा-सात. मोठ्या माणसाच्या मोठ्या पोकळीत, चावण्याच्या पूर्ण भाराखाली, मी ते कायमचे भरण म्हणून वापरत नाही. रंगही बेताचाच : पांढरट आणि अपारदर्शक, दाताच्या चमकेशी न जुळणारा. हसताना दिसणाऱ्या दातात कंपोझिटच भरावे. शिवाय फ्लोराइडची जाहिरात ऐकून फार भारावून जाऊ नये. पहिल्या एक-दोन दिवसांत ते भरपूर सुटते आणि मग अगदी थोडे थोडे. टूथपेस्टमधले फ्लोराइड सिमेंट पुन्हा शोषून घेते हेही खरे. पण प्रयोगशाळेतल्या या गुणाने तोंडातली कीड नेमकी किती रोखली जाते, यावर संशोधकांचे एकमत नाही. रात्री दात घासण्याला ते पर्याय नव्हे.

‘पूर्वी चांदी भरायचे ती वीस वर्षे टिकायची, आता हे पांढरे का भरता?’ असे वयस्कर मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. भाराखाली चांदी अधिक टिकते, हे मी मान्य करतो. परंतु चांदीच्या भरणीत पारा असतो आणि 2013 च्या मिनामाता करारानुसार तिचा वापर कमी करत जाण्याची जबाबदारी भारतासह अनेक देशांनी स्वीकारली आहे. शिवाय ती अडकून बसावी म्हणून निरोगी दातही कोरावा लागे. सिमेंटसाठी किडलेला भाग काढला की पुरते. मात्र मोठ्या पोकळीत चांदीची जागा हे सिमेंट एकटे भरून काढू शकत नाही. तेथे कंपोझिट किंवा कॅप यांचा खर्च रुग्णाला आधीच सांगावा.

विकत घेणाऱ्या दंतवैद्यांसाठी शेवटचा मुद्दा पॅकचा. हाताने मिसळायची पावडर-लिक्विडची बाटली एका भरणीमागे स्वस्त पडते आणि शिबिरात पिशवीत मावते. कॅप्सूलमध्ये प्रमाण कारखान्यातच ठरलेले असते आणि मिश्रणही यंत्र करते, म्हणून त्यात बुडबुडे आणि चुका कमी. पण त्यासाठी यंत्र, वीज आणि दर भरणीला जादा पैसे लागतात आणि छोट्या पोकळीत अर्धी कॅप्सूल वाया जाते. ज्यांच्याकडे मदतनीस सारखे बदलतात त्यांनी कॅप्सूल घ्यावी. ज्यांचा मदतनीस जुना आणि हात बसलेला आहे, त्यांनी बाटलीच घ्यावी, खोक्यावरची मुदत पाहूनच घ्यावी आणि लिक्विड दाट झालेले दिसले की मुदत शिल्लक असली तरी ते वापरू नये.