‘रॉबिन गॉर्डन’च्या नावाखाली सिल्व्हर ओक

ऑस्ट्रेलियात कमी पाण्याची बाग करू पाहणाऱ्यांना ग्रेव्हिलिया ‘रॉबिन गॉर्डन’ हे झुडूप हमखास सुचवले जाते, आणि याच लौकिकाचा फायदा घेऊन एका ऑनलाइन विक्रेत्याने मला त्याचे ‘अस्सल बी’ २५ डॉलरला विकले. पाकिटावर तांबड्या फुलांचे देखणे छायाचित्र होते, वर्षभर फुलण्याची हमी होती, आणि पैसे कार्डाने न देता थेट खात्यात भरल्यास सवलत मिळेल, असे विक्रेत्याने आग्रहाने कळवले होते.

‘रॉबिन गॉर्डन’ हा क्वीन्सलंडमधील ग्रेव्हिलिया बँक्सी आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रेव्हिलिया बायपिनॅटिफिडा यांचा संकर आहे. खंडाच्या दोन टोकांना वाढणाऱ्या या जाती निसर्गात एकमेकींजवळ येत नाहीत. त्या शेजारी आल्या त्या क्वीन्सलंडमधील ग्लेनमॉर्गनच्या मायाल पार्क या बागेत, आणि तेथे १९६० च्या दशकात आपसूक उगवलेल्या रोपातून हे वाण पुढे आले. त्याला सहसा बी धरत नाही, आणि एखादे धरले तरी त्यातून आईबापांचे गुण कमीअधिक उचललेली भलतीच रोपे निघतील. म्हणून त्याची रोपे फाटे लावून किंवा कलम बांधूनच करतात, आणि या वाणाचे बी विकणारा दुसरे काहीही विकत असला तरी हे वाण विकत नसतो.

फसवणूक लक्षात यायला वेळ लागतो तो पानांमुळे. उगवलेल्या रोपांची पाने नेच्यासारखी चिरलेली होती, आणि ‘रॉबिन गॉर्डन’चे लहान रोपही साधारण तसेच दिसते, परंतु बुडापासून फांद्या फोडून आडवे पसरण्याऐवजी ही रोपे एकाच सरळ सोटावर झपाट्याने उंच होत गेली. एका जाणकार माळ्याने पाहताक्षणी ओळखले, की हा ग्रेव्हिलिया रोबस्टा, म्हणजे भारतात चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात तो सिल्व्हर ओक आहे. दीड-दोन मीटरवर थांबणाऱ्या झुडपाच्या जागी २० मीटरच्याही पुढे जाणारा वृक्ष घराच्या भिंतीलगत वाढत होता. ग्रेव्हिलियाच्या कलमांना खुंट म्हणून, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधायचे ते रोप म्हणून, हेच झाड वापरतात आणि त्याचे बी सहज रुजते, त्यामुळे विक्रेत्याने तेच पाकिटात भरले असावे, असा माझा तर्क आहे.

बियांसोबत ‘फुलोरा वाढवणारी’ भुकटीही गळ्यात मारलेली होती. तिच्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर होते, आणि स्फुरद जेमतेम असलेल्या जमिनीत तगण्यासाठी घडलेल्या अनेक ग्रेव्हिलियांच्या मुळ्या ते गरजेपेक्षा जास्त शोषतात, मग पाने पिवळी पडून करपतात. ती मी वापरली असती आणि रोपे दगावली असती, तर दोष माझ्या निगराणीवर ढकलता आला असता आणि आत काय होते हे कोणाला कळलेच नसते.

विक्रेत्याने ‘बियांमध्ये नैसर्गिक फरक असतोच’ एवढेच उत्तर दिले, आणि लवकरच त्याचे ऑनलाइन विक्रीचे पानही नाहीसे झाले. विकलेली वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे, या ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्यातील तरतुदीच्या आधारे मी तक्रार नोंदवली आहे. मात्र कार्डाने दिलेल्या रकमेसाठी बँकेकडे जसा परताव्याचा दावा लावता येतो, तसा खात्यात थेट भरलेल्या पैशांसाठी सहजी लावता येत नाही, आणि ती सवलत कशासाठी होती हे त्यावरून उघड आहे.