सावत्र बाबांनी दत्तक घ्यायचं तर गोदनामा की कलेक्टरचा आदेश?

माझ्या मावसबहिणीची पोर सात वर्षांची, समग्र आयडीत (मध्य प्रदेशातलं सरकारी कुटुंब-ओळखपत्र) बापाचं एक नाव, घरी बाबा दुसरेच. इंदूरच्या शाळेचा फॉर्म आला की 'पिता का नाम'पाशी बहिणीचा पेन थांबतो. तिच्या आताच्या नवऱ्याला पोर दत्तक घ्यायचीय, वाद एवढाच की गोदनामा (म्हणजे दत्तकपत्र) करायचा की कलेक्टरकडे जायचं.

पण आधी कायद्याने बाप कोण ते बघा. लग्नात जन्मलेलं मूल, किंवा आईने दुसरं लग्न केलं नसेल तर घटस्फोटानंतर 280 दिवसांत झालेलं, त्याच नवऱ्याचं धरतात. पूर्वी पुरावा कायद्यात हे कलम 112 होतं, आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात 116 आहे. आमचे काका म्हणे डीएनए करून टाका, पण कोर्ट ती टेस्ट सहजासहजी देत नाही, सुप्रीम कोर्टाच्या 1993 च्या गौतम कुंडू केसपासून हेच चालू आहे. म्हणजे पहिला नवरा वर्षानुवर्षं फिरकला नाही तरी बाप तोच, आणि संमतीची सही त्याचीच लागणार. लग्नाशिवाय झालेलं मूल असेल तर नैसर्गिक पालक आधी आईच, तिथे गोष्ट वेगळी.

गोदनामा 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यातला, फक्त हिंदू (त्यात जैन, बौद्ध, शीख आले), मूल 15 च्या आतलं, रजिस्टर केला की कोर्ट तो खरा धरून चालतं. ऐकायला सोपं वाटतं हो, पण खोच अशी की दत्तक घेणाऱ्याला स्वतःची मुलगी असेल तर दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, शिवाय पुरुषाने मुलगी घ्यायची तर दोघांत 21 वर्षांचं अंतर पाहिजे. बापाच्या संमतीतून सूट कधी, तर संन्यास घेतला, धर्म सोडला किंवा कोर्टाने वेडा ठरवला तर. नुसता गायब असणं यात बसत नाही, इथेच बरेच जण फसतात.

कलेक्टरचा रस्ता बाल न्याय कायद्यातला, 2022 पर्यंत हे काम कोर्टाकडे होतं. धर्माची अट नाही, 18 च्या आतलं मूल चालतं, आधीची स्वतःची मुलगी असली तरी अडत नाही. मात्र कारा (केंद्र सरकारची दत्तक संस्था) पोर्टलवर नोंदणी, कागदपत्रं, संमती सगळं लागतं, आणि ताब्याची केस चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा.

बहिणीच्या नवऱ्याला पहिल्या लग्नाची मुलगी आहे, त्यामुळे आमच्याकडे गोदनाम्याचा विषयच मिटला. पहिला नवरा सहीला नाहीच म्हणत होता, मग वकिलाने त्याला सांगितलं की दत्तक झाल्यावर पोरीच्या खर्चाची जबाबदारी तुमची राहत नाही. त्याने फोनवर दोनदा विचारलं, "पक्कं ना?"