अमोनिया डिटेक्टरच्या नावाखाली भलताच सेन्सर: बर्फ कारखानदारांनो, फसू नका

रत्नागिरीजवळच्या एका बर्फ कारखान्यात कॉम्प्रेसर रूममध्ये ‘अमोनिया डिटेक्टर’, म्हणजे थंडाव्यासाठी वापरला जाणारा अमोनिया गळला तर इशारा देणारा डबा, बसवला गेला. विक्रेत्याने लायटरचा गॅस सोडून दाखवला, हूटर वाजला, सही-शिक्क्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट हातात पडलं आणि बिल चुकतं झालं. पुढे कॉम्प्रेसरची ग्लँड (गळती अडवणारं सील) गळायला लागली, ऑपरेटरचे डोळे झोंबून पाणी यायला लागलं, तरी डिस्प्लेवर शून्यच. डबा उघडल्यावर आत ज्वलनशील वायूचा कॅटॅलिटिक सेन्सर निघाला. अमोनियाचं फक्त स्टिकर होतं.

लायटरमध्ये ब्युटेन असतो, त्यामुळे हा सेन्सर त्याला ओरडणारच. त्यावरून अमोनियाबद्दल काहीच कळत नाही. हा सेन्सर एलईएलच्या टक्क्यांत, म्हणजे स्फोटाच्या हिशोबाने मोजतो. एलईएल म्हणजे वायू हवेत पेटण्याची खालची मर्यादा, आणि अमोनियाची ती सुमारे 15 टक्के आहे. सेन्सर अमोनियासाठी नीट सेट केलेला असला, तरी 10 टक्के एलईएलचा अलार्म वाजेपर्यंत खोलीत 15,000 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) अमोनिया झालेला असतो. 1948 च्या कारखाने कायद्यात आठ तासांची सरासरी मर्यादा 25 पीपीएम होती, पंधरा मिनिटांची 35. 300 पीपीएमलाच जिवाला तत्काळ धोका धरतात. असा डबा भिंतीवर असणं नसण्यापेक्षा वाईट, कारण माणसं त्याच्या भरवशावर आत जातात.

खरं तर चोरी सर्टिफिकेटवरच दिसत होती. टेस्ट गॅसच्या रकान्यात ‘मिथेन, 50 टक्के एलईएल’ असं छापलेलं होतं. तो रकाना कोणी वाचत नाही, हेच अशा विक्रेत्यांचं भांडवल.

कोटेशनमध्ये ‘इलेक्ट्रोकेमिकल अमोनिया सेन्सर, रेंज 0 ते 100 पीपीएम, अलार्म 25 आणि 35’ असं स्पष्ट लिहून घ्या. सेन्सरवरची उत्पादनाची तारीख पाहा. साधारण दोन वर्षांत तो संपतो, सतत गळती असेल तर त्याआधीच. मग तुमच्या ऑपरेटरसमोर टेस्ट करायला लावा. 50 पीपीएम अमोनियाचा, मुदत न संपलेला सिलिंडर, अर्धा लिटर प्रतिमिनिट फ्लो आणि टेफ्लॉनची आखूड नळी. साध्या रबरी नळीला अमोनिया चिकटतो, रीडिंग उशिरा आणि कमी येतं, आणि मग ‘सेन्सर जरा स्लो आहे’ म्हणून वेळ मारून नेतात. दोनेक मिनिटांत आकडा पन्नाशीजवळ आलाच पाहिजे.

वायर वाचवायला डबा दाराशी लावू देऊ नका. अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून एक सेन्सर कॉम्प्रेसरच्या वर छताजवळ हवा. पण रिसीव्हरमधून (द्रव अमोनियाच्या टाकीतून) द्रव अमोनिया सुटला की आपल्या दमट हवेत त्याचं थंड धुकं जमिनीलगत पसरतं. तिथे दुसरा सेन्सर खालच्या उंचीवर लागतो. खाऱ्या हवेने सेन्सरची जाळी बुजते, तेव्हा हीच गॅस टेस्ट दर महिन्याला करा आणि पावसाळ्यात त्याहून लवकर. बिलाचा शेवटचा हप्ता पहिली टेस्ट पास होईपर्यंत देऊ नका.