शिवण शिकवणाऱ्यांसाठी यूट्यूब: ठाण्यातून केलेले परीक्षण

यूट्यूबबद्दल आपण बहुतेक वेळा प्रेक्षक म्हणून बोलतो. हे परीक्षण त्यावर स्वतःचे काम मांडणाऱ्या बाईने लिहिले आहे. नौपाड्यात बरीच वर्षे शिवणवर्ग चालवल्यानंतर मी ब्लाउजचे कटिंग आणि शिलाई मराठीतून शिकवणारे चॅनेल सुरू केले आणि आता माझे बहुतेक शिकवणे तिथेच होते. मत आधीच सांगते. ज्याच्या हातात शिकवण्यासारखे काही आहे आणि ज्याचा घरखर्च चॅनेलवर अवलंबून नाही, अशा माणसाला मनासारखे काम करण्याची इतकी मोकळीक देणारी दुसरी सेवा माझ्या पाहण्यात नाही. पगाराला पर्याय म्हणून मात्र मी ती कोणालाही सुचवणार नाही.

वर्ग चालवताना काय शिकवायचे हे बऱ्याच अंशी गाळ्याचे भाडे ठरवत असे. भाडे निघण्याइतकी तुकडी भरायची तर सर्वांना हवे तेच शिकवावे लागे: चार टक्सचा साधा ब्लाउज, कटोरी, प्रिन्सेस कट, मग बाह्यांचे आणि गळ्यांचे प्रकार. कळव्याहून किंवा लोकमान्यनगरहून येणाऱ्या बायका मुलांच्या शाळेची वेळ बदलली की वर्ग सोडत आणि ज्या टिकत, त्यांच्यातही एखादीची वेगळी अडचण सर्वांचा वेळ घेऊन सोडवणे शक्य नसे. ही दोन्ही बंधने चॅनेलवर उरत नाहीत. शिकणारी आपल्या सवडीने पाहते, मी माझ्या सवडीने चित्रित करते आणि एकाच बाईला उपयोगी पडेल असा विषयही घेता येतो.

चॅनेल सुरू करण्यास पैसे लागत नाहीत. पंधरा मिनिटांहून मोठा व्हिडिओ टाकायचा असेल तर फोन क्रमांकाची पडताळणी करून घ्यावी लागते, आणि शिवणकामात ती लागतेच. कॅमेरा मोबाइलचाच पुरतो, मात्र तो टेबलाच्या बरोबर वर, खाली तोंड करून बसवावा, म्हणजे टेपवरचे आकडे आणि खडूची रेघ स्पष्ट दिसते. वर्णनात ०:०० पासून वेळा लिहून किमान तीन भाग पाडले की व्हिडिओची प्रकरणे तयार होतात. हातात कात्री धरून बसलेल्या बाईला फक्त बाहीचा भाग पुन्हा पाहता यावा, यासाठी ही सोय अमूल्य आहे.

मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट प्रेक्षकांना दिसत नाही. चॅनेल चालवणाऱ्याला यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख मिळतो. लोक कोठे सोडून गेले आणि कोणता भाग त्यांनी मागे जाऊन पुन्हा पाहिला, हे त्यात क्षणाक्षणाने कळते. माझ्या कटोरी ब्लाउजच्या व्हिडिओत हा आलेख मुंढ्याच्या (बाही जोडण्याच्या भागाच्या) वळणापाशी वर उचलला जातो. पुढच्या भागाचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच अधिक आत कापावा लागतो आणि नेमकी तिथेच शिकणारी अडते. वर्गात समजले नाही तरी मुली संकोचाने मान डोलावतात. आलेखाला संकोच नसतो. त्यावरून मी ब्राउन पेपरवर केवळ मुंढा काढून दाखवणारा स्वतंत्र व्हिडिओ केला. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात विद्यार्थिनींच्या अडचणी मला इतक्या नेमकेपणाने कधी कळल्या नव्हत्या.

एका बाबतीत मात्र या सेवेने शिकणाऱ्यांचे नुकसान केले आहे, असे माझे ठाम मत आहे. नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा (डिसलाइकचा) आकडा प्रेक्षकांना दाखवणे बंद झाले. चॅनेलवाल्यांना त्रास देण्यासाठी होणाऱ्या नापसंतीच्या हल्ल्यांना आळा घालणे, हे त्यामागचे कारण कंपनीने दिले होते आणि ते खोटे नाही. पण ज्या व्हिडिओतले माप चुकीचे आहे, तो पाहून पैठणीबरोबर आलेल्या ब्लाउजपीसवर कात्री चालवणाऱ्या बाईला सावध करणारी एक खूण त्यामुळे नाहीशी झाली. शिकवण्याच्या व्हिडिओंपुरता तरी तो आकडा पुन्हा दिसावा.

पैशांचे नियम नीट समजून घ्यावेत, कारण नव्याने येणाऱ्यांचा सर्वाधिक गैरसमज तिथेच होतो. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य (सबस्क्रायबर) आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सची (छोट्या उभ्या व्हिडिओंची) एक कोटी दृश्ये (व्ह्यूज) लागतात. सदस्यांची आणि तासांची ही अट २०१८ साली आली. त्याआधी चॅनेलची एकूण १०,००० दृश्ये पुरेशी होती. मोठ्या व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नातून ५५ टक्के आणि शॉर्ट्सच्या वाटपातून ४५ टक्के निर्मात्याला मिळतात. दहा डॉलर जमल्यावर पत्त्याच्या पडताळणीसाठी टपालाने पिन येतो, आणि किमान शंभर डॉलर झाल्याखेरीज रक्कम बँकेत जमा होत नाही. अमेरिकेतल्या मराठी प्रेक्षकांमुळे होणाऱ्या कमाईवर तिकडचा कर कापला जातो, म्हणून कराचा अर्ज वेळेवर भरावा. न भरल्यास कपात केवळ त्या हिश्श्यापुरती न राहता एकूण उत्पन्नाच्या २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

या व्यवस्थेत मला अन्यायाची वाटणारी बाब अशी, की २०२१ पासून अटी पूर्ण न केलेल्या भारतीय चॅनेलवरही कंपनी जाहिराती दाखवू शकते आणि त्यांतला वाटा निर्मात्याला देत नाही. म्हणजे उमेदवारीच्या काळातले कष्ट विनामोबदला ठरतात. ज्या मुली नोकरी सोडून चॅनेल सुरू करण्याचा सल्ला मागतात, त्यांना मी हे प्रथम सांगते. त्या बहुधा ठाण्याच्याच यूट्यूबर आणि अभिनेत्री प्राजक्ता कोळी यांचे उदाहरण देतात. त्यांनी २०१५ मध्ये सुरू केलेले चॅनेल त्यांना कोठवर घेऊन गेले ते सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यांचा अभिमान मलाही आहे. परंतु शिवणकामाच्या चॅनेलची कमाई हंगामी असते. नवरात्र जवळ आले, टेंभी नाक्यावर मंडप उभा राहू लागला, की नऊ रंगांच्या ब्लाउजचे शोध वाढतात. पुढे त्यातली बरीच वाढ ओसरते. अशा उत्पन्नावर घराचा हप्ता ठेवला, तर काय शिकवायचे हे पुन्हा पैसाच ठरवू लागतो, आणि गाळ्याच्या भाड्यापासून झालेली सुटका व्यर्थ जाते.

मोकळीक टिकवायची असेल तर नकारही देता यावा लागतो. शिलाई मशीन विकणाऱ्या एका विक्रेत्याने मला मशीन भेट देऊ केले होते. अट अशी, की ते मी स्वतः विकत घेतल्याप्रमाणे दाखवून त्याची स्तुती करावी. जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था असलेल्या जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा संबंध प्रेक्षकांना स्पष्ट सांगावा लागतो. शिवाय १ जुलै २०२२ पासून वर्षाला वीस हजार रुपयांहून अधिक किमतीच्या अशा भेटींवर दहा टक्के उद्गम करकपातही (टीडीएस) लागू झाली आहे. मला नकार देण्यासाठी हे नियमही लागले नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवून एखादी बाई साठवलेले पैसे खर्च करणार असेल, तर तिच्यापासून काहीही लपवणे मला मान्य नाही.

दर आठवड्याला व्हिडिओ आलाच पाहिजे, ही समजूतही सोडून द्यावी. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ काहीच न टाकणाऱ्या चॅनेलची कमाई बंद करण्याचा अधिकार कंपनीकडे आहे. आठवड्याचा नियम कोठेही नाही. नव्वद दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक (दुसऱ्याचे साहित्य वापरल्याबद्दलचे इशारे) आले तर चॅनेल जाऊ शकते, म्हणून पार्श्वसंगीत यूट्यूबच्या स्वतःच्या संग्रहातूनच घ्यावे आणि मूळ चित्रीकरणाची प्रत आपल्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

आता ज्या कामासाठी मी ही सेवा सोडणार नाही, त्याबद्दल लिहिते. एका मुलीने प्रतिक्रियेत विचारले होते, की तिच्या आईची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि आधीचा कोणताही ब्लाउज नीट बसत नाही, तर काय करावे. वर्गात हा प्रश्न मला कोणी कधीच विचारला नव्हता. चारचौघींत तो विचारणे सोपे नाही. मी त्यावर सविस्तर व्हिडिओ केला. दोन्ही बाजूंची मापे स्वतंत्र घ्यावीत आणि पुढचे दोन भाग वेगवेगळे कापावेत. अस्तर मऊ सुती असावे आणि त्याला आतून, बाजूने उघडणारा खिसा शिवावा, म्हणजे कृत्रिम स्तन त्यात बसवता येतो आणि धुण्याआधी काढताही येतो. हात मागे नेणे जड जाते, म्हणून हुकपट्टी पुढेच ठेवावी. गळा थोडा वर घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर काही जणींच्या हाताला सूज येते, म्हणून बाही आणि मुंढा सैल ठेवावेत. सूज असेल तर माप घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. व्रणावर शिलाईची जाड कड येणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

या व्हिडिओची दृश्ये माझ्या कटोरी ब्लाउजच्या तुलनेत फारच थोडी आहेत आणि यूट्यूब तो आपणहून फारसा कोणापुढे ठेवत नाही. तरीही शोध घेणारीला तो सापडतो, कारण शीर्षक मी अगदी सरळ, देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत लिहिले आहे. वर्गाच्या हिशेबात ज्या धड्याला तुकडीच मिळाली नसती, तो इथे वर्षानुवर्षे राहतो आणि परभणीतली किंवा पालघरमधली एखादी लेक तो आईला दाखवते. आपण शिवण शिकलो ते कशासाठी, याचे उत्तर मला त्या प्रतिक्रियांमध्ये मिळाले आहे.

सध्या संधिवाताने बोटे वाकलेल्या वृद्ध स्त्रियांसाठी हुकांऐवजी चिकटपट्टी (वेल्क्रो) लावलेल्या ब्लाउजवर काम सुरू आहे. जांभळी नाक्याच्या बाजारातून रुंद आणि अरुंद अशा दोन्ही पट्ट्या आणल्या आहेत; रुंद पट्टी पातळ कापडाला ओढते आणि अरुंद पट्टी वाकल्यावर सुटते, असे आतापर्यंत दिसले आहे. नेहमीचे धुणे सोसून कोणती टिकते हे पाहिल्यावरच तो व्हिडिओ टाकीन.