डॉल्फिन मॉडेलचा असेंबल आरओ: आवाजाच्या बाजूने परीक्षण

गल्लीतल्या दुकानात जोडून मिळणारा डॉल्फिन कॅबिनेटचा आरओ मोठ्या ब्रँडच्या मशीनपेक्षा जास्त आवाज करतो, ही तक्रार खरी आहे. पण पंप तोच २४ व्होल्टचा असतो. फरक पडतो तो पातळ कॅबिनेटमुळे आणि त्याहून जास्त फिटिंगमुळे. फिटर पंपाचे स्क्रू इतके आवळतात की खालचे रबरी पाय चेपून जातात आणि थरथर थेट प्लास्टिकला लागते. प्लग काढून स्क्रू अर्धा फेरा सैल करा, कॅबिनेटला टेकलेला पाइप केबल टायने बाजूला बांधा. खडखड जाऊन एकसुरी घूं राहील. तेवढा आवाज या मशीनचा धर्मच आहे, त्यावर पैसे घालवू नका.

पैसे खरे जातात ते 'टक्, घुर्र, टक्' या आवाजावर. मशीन काही सेकंद चालतं, थांबतं, पुन्हा चालू होतं. 'पंप गेला' हे यावरचं ठरलेलं उत्तर असतं आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. बाहेरच्या बाउलमधला स्पन फिल्टर गाळाने भरला की पंपाने पाणी ओढताच मागचा दाब पडतो. लो प्रेशर स्विच, म्हणजे एलपीएस, पंप बंद करतो. पंप थांबला की दाब परत चढतो आणि स्विच पुन्हा जुळतो. टक् वाजतो तो सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे एसव्ही, पाण्याची विजेवर उघड-मिट होणारी झडप. स्पन काढून बाउल रिकामाच बसवा आणि मिनिटभर मशीन चालवून बघा. टकटक थांबली तर पंप ठणठणीत आहे, नवा स्पन घाला आणि विषय संपवा. पंपाच्या किमतीपुढे स्पन म्हणजे चिल्लर.

स्पन स्वच्छ असूनही टकटक राहिली तर इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीची उंची बघा. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर टाकी नळापासून जेमतेम ३-४ मीटर वर असते, म्हणजे ०.३-०.४ बार. एवढ्या कमी दाबावर एलपीएस पुन्हा पुन्हा पंप बंद करू शकतो. अशा घरात काही फिटर एलपीएस काढून वायर डायरेक्ट करतात. आवाज थांबतो खरा, पण गच्चीवरची टाकी रिकामी झाली की पंप कोरडा चालतो आणि त्यातला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, लवकर खराब होऊ शकतो. हे काम कुणी 'फुकटात करून देतो' म्हणालं तरी करू देऊ नका. तपासणी सोपी आहे: मशीन चालू असताना बाउलच्या आधीची तोटी बंद करा. थोड्या वेळात मशीन आपोआप थांबायला हवं. कर्कश आवाज करत चालूच राहिलं, तर एलपीएस अडकलाय किंवा डायरेक्ट केलाय.

पंप कण्हत, मंद चालत असेल तर आधी ॲडॉप्टर तपासा. पंप चालू असताना मल्टिमीटरवर २४ च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. फारच कमी दिसले तर ॲडॉप्टर बदला. व्होल्टेज ठीक आणि आवाज जड, दबलेला असेल तर संशय एफआरवर, म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टरवर. रिजेक्ट, म्हणजे वाया जाणारं खारट पाणी, तो आवरून धरतो. ७५ जीपीडीच्या (दिवसाला ७५ गॅलन) मेंब्रेनला, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्याला, सहसा ४५० चा एफआर असतो, म्हणजे रिजेक्टच्या नळीतून मिनिटाला साधारण ४५० मिली पाणी यायला हवं. मापाच्या भांड्यात मोजा. बोअरच्या पाण्यात एफआर क्षाराने चोंदतो. रिजेक्ट निम्म्यावर आलं असेल तर आत मेंब्रेनवरही क्षार बसत असतो, म्हणून एफआर लगेच बदला. शुद्ध पाण्याची धार मिनिटाला कागदावर २०० मिलीच्या आत-बाहेर, प्रत्यक्षात कमीच.

नवे फिल्टर घातल्यावर होणारी गुडगुड हवेची असते आणि ती आपोआप जाते. मशीनची पहिली भरलेली टाकी मात्र ओतून टाका, कार्बनची काळी भुकटी येते. ऑटो फ्लश, म्हणजे मेंब्रेन आपोआप धुण्याची सोय, असेल तर सुरुवातीला काही सेकंद पाण्याचा जोराचा सळसळाट होतो, तेही चालायचंच.

मशीनची टाकी भरून ते बंद झाल्यावरही सिंकमध्ये टपटप चालू असेल, तर ते दुर्लक्षू नका. एसव्हीच्या रबरात कचरा अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि पाणी रात्रभर रिजेक्टमधून वाहून जातं. रिजेक्टची नळी पेल्यात सोडा. मशीन थांबल्यावर ५ मिनिटांनीही थेंब पडत असतील तर एसव्ही बदला. तीच टपटप कॅबिनेटच्या आत ऐकू आली तर आधी प्लग काढा, मग एल्बो, म्हणजे पाइपचे कोपऱ्याचे जोड, तपासा. पाइपचं टोक तिरकं कापलेलं असतं, ते ब्लेडने सरळ कापून खोलवर दाबून बसवलं की गळती थांबते.

बोअर किंवा टँकरच्या खारट पाण्यासाठी हे मशीन घ्यायला हरकत नाही. प्रत्येक भाग सुटा आणि कुठेही मिळणारा आहे. नळाला धरणाचं कमी टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार कमी असलेलं, पाणी येत असेल तर आरओच नको, यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन) पुरतो आणि त्यात सहसा पंपही नसतो. घेणार असाल तर दुकानदाराला मशीन पाणी जोडून चालवून दाखवायला सांगा आणि त्याच्याकडून बिलावर पंप, ॲडॉप्टर आणि एसव्हीची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या.